गोलंदाज पालवणकर बाळू

मावळांत भात पिकूं लागलें म्हणजे पूर्वी बांधाबांधावर गोफण फिरूं लागे. हल्लीं ती क्वचितच दृष्टीस पडते. परंतु ज्यांच्या घरीं अद्यापि शेती आहे त्यांस आपल्या आजोबांच्या हातांतील गोफण आठवत असेल. दोरीच्या मध्यावर एक खोलगट पट्टी, तींत दगड, मस्तकाभोंवतीं दोन वेढे, आणि मग एक टोंक सोडून द्यावयाचें, एवढीच ती युक्ति. परंतु टोंक कोणत्या क्षणीं सोडावें हें कोणी सांगून शिकवूं शकत नाहीं. वर्तुळांत फिरणारी वस्तु सुटली कीं ती त्या बिंदूवरील स्पर्शरेषेनें निघून जाते, हा सिद्धान्त तुम्ही वर्गांत शिकतां. पांखरें उडविणाऱ्या शेतकऱ्यास सिद्धान्त ठाऊक नसतो. त्याला तो क्षण ठाऊक असतो. दाविदानें ज्या गोफणीनें गल्याथास पाडलें तिचेंही मर्म याहून निराळें नव्हतें.

क्रिकेटच्या खेळांत गोलंदाजाचा हात म्हणजे अशीच एक गोफण होय. पाऊस उघडून मैदान वाळलें कीं आमच्या शाळेंतील मुलें चेंडू टाकूं लागतात, आणि पहिल्याच आठवड्यांत त्यांची तक्रार येते कीं, चेंडू योजिलेल्या जागीं पडत नाहीं. त्या मुलांसाठीं, आणि अशा खेळांत मुलाचा वेळ फुकट जातो असें मानणाऱ्या त्यांच्या पालकांसाठींही, आपल्याच जिल्ह्यांत ही विद्या शिकलेल्या एका पुरुषाची हकीकत येथें देत आहें.

पालवणकर हें आडनांव कोंकणांतील पालवण गांवावरून आलेलें. बाळूचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला. जात चांभार. वडील लष्कराच्या चाकरींत असल्यामुळें कुटुंब पुण्यास येऊन राहिलें. बाळू हा वडील मुलगा. त्याच्या पाठचे शिवराम, गणपत व विठ्ठल हे तिघेही भाऊ पुढें नामांकित खेळाडू झाले. लष्करी अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू यांवर या भावांचा खेळ सुरू झाला. पुस्तक नाहीं, शिक्षक नाहीं, पांढरे कपडे तर नाहींतच.

घरच्या ओढगस्तीमुळें बाळूस लौकर नोकरी धरावी लागली. प्रथम पुण्यांतील एका पारशी क्रिकेट क्लबांत खेळपट्टी झाडणें व तिच्यावर रूळ फिरविणें हें काम मिळालें. वेतन दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियन लोकांच्या पूना क्लबांत गेला. तेथें चार रुपये मिळूं लागले, आणि त्या एका रुपयाच्या वाढीबरोबर काम पुष्कळच वाढलें. रूळ ओढावयाचा, चुन्याच्या रेघा आंखावयाच्या, जाळीं उभारावयाचीं. पुढें एके दिवशीं एका इंग्रज सभासदानें सहज त्याच्या हातीं चेंडू देऊन आपणांस सरावासाठीं टाकण्यास सांगितलें. बाळूचें खरें शिक्षण येथून सुरू झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां हें शिक्षण म्हणजे नेमकें काय, याचा थोडा विचार करूं. कारण चरित्रांतून नुसता पराक्रम वाचावयाचा आणि तो कशानें साधला तें सोडून द्यावयाचें, ही वाचनाची रीत मला पसंत नाहीं.

दोन्हीं बाजूंच्या यष्ट्यांमधील अंतर २२ यार्ड असतें. चेंडू हातांतून सुटतो तेथून समोरच्या यष्ट्या सुमारें २० यार्ड, म्हणजे ६० फूट दूर आहेत असें धरा. भूमितीची वही काढा आणि ६० फूट लांबीच्या रेषेच्या एका टोंकाशीं एक अंशाचा कोन करा. दुसऱ्या टोंकाशीं त्या दोन रेषांमध्यें किती अंतर पडेल? साडेबारा इंचांहून किंचित अधिक. त्या काळीं तिन्हीं यष्ट्यांची मिळून रुंदी ८ इंच होती. ती ९ इंच झाली १९३१ सालीं. म्हणजे मधल्या यष्टीवर नेम धरून सोडलेला चेंडू दिशेंत अवघा एक अंश चुकला, तर तो यष्ट्यांना स्पर्श न करतां बाहेरून निघून जातो. तुमच्या कंपासपेटींतील कोनमापकावर एक अंश केवढा दिसतो तें पाहा, म्हणजे गोलंदाजाच्या मनगटाकडून किती सूक्ष्म काम घ्यावें लागतें याची कल्पना येईल.

ही झाली उजव्या-डाव्या बाजूची चूक. टप्प्याची गोष्ट याहून अवघड. हात मागून वर येतो, मस्तकाजवळून पुढें जातो आणि खालीं उतरतो. म्हणजे तळहात एका मोठ्या वर्तुळाच्या परिघावरून फिरत असतो. चेंडू अंमळ लौकर सुटला तर स्पर्शरेषा वर झुकलेली असते, आणि चेंडू उंच जाऊन टप्पा न घेतांच फलंदाजाच्या बॅटीवर येतो. अंमळ उशिरां सुटला तर तो गोलंदाजाच्याच पुढें आपटतो, आणि फलंदाजास तो पाहून मारण्यास भरपूर अवकाश मिळतो. या दोहोंच्या मधला जो निमिषमात्र काळ, तोच गोलंदाजाचा. शिवाय हें सर्व एकट्या हातानें होत नाहीं. पुढचें पाऊल घट्ट रोंवलें जातें, त्याच्यावर कंबर वळते, कंबरेमागून खांदा, खांद्यामागून सरळ ठेवलेला हात, आणि सर्वांत शेवटीं मनगट व बोटें. साखळीची एक कडी जरी आधीं किंवा मागाहून हालली तरी सर्व खेळ बिघडतो. डोकें डुललें कीं मुळींच संपलें.

गोल्फ खेळणाऱ्यासही हीच अडचण पडते. त्याचा चेंडू जमिनीवर स्थिर असतो आणि काठीचें डोकें वर्तुळांत फिरतें, एवढाच काय तो भेद. एडिंबरो येथील गणिती प्रोफेसर टेट यांनीं १८९० नंतरच्या वर्षांत गोल्फच्या चेंडूचा अभ्यास करून असें दाखविलें कीं, मागच्या बाजूस फिरकी मिळालेला चेंडू हवेंत अधिक वेळ तरंगत राहतो. फिरणाऱ्या चेंडूमुळें त्याच्या सभोंवतालची हवा त्यास एका बाजूस ढकलते. त्याच वर्षांत पुण्याच्या मैदानावर चार रुपयांचा एक नोकर आपल्या डाव्या हाताच्या बोटांनीं तीच फिरकी देण्यास शिकत होता. टेटसाहेबांचें नांव त्याच्या कानांवर कधीं आलें असेल असें मला वाटत नाहीं.

बाळू डावखुरा होता, हेंही भूमितीचेंच अंग आहे. उजव्या हाताच्या फलंदाजास डावखुऱ्या गोलंदाजाचा चेंडू तिरकस येतो आणि त्याच्या पायांच्या रोखानें आंत वळतोसा वाटतो. परंतु टप्पा पडतांच बोटांनीं दिलेली फिरकी जमिनीला चावते व चेंडू उलट दिशेस, बॅटीच्या बाहेरच्या कडेकडे निघून जातो. येण्याची रेषा एक, जाण्याची दुसरी. या दोन रेषांमधील कोन फलंदाजानें ओळखावयाचा, आणि गोलंदाजानें तो दर वेळीं थोडाथोडा बदलावयाचा. कधीं चेंडूला उंची अधिक, कधीं वेग कमी, कधीं फिरकी दिल्यासारखी करून मुळींच न दिलेली.

या विद्येच्या अभ्यासांत बाळूस जो जोडीदार लाभला तो कॅप्टन जे. जी. ग्रेग. हा इंग्लंडांत हँपशायरकडून खेळलेला, बांध्यानें लहान पण उत्कृष्ट फलंदाज होता. इतर सभासद येण्यापूर्वीं तासभर आधीं तो मैदानावर येई आणि बाळूच्या गोलंदाजीवर सराव करी. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देण्याची त्यानें बोली केली होती, अशी आख्यायिका आहे. ती खरी असल्यास महिन्यांत आठ वेळां साहेबास बाद केलें कीं पगाराइतकी रक्कम हातीं पडे. बक्षिसाची याहून सरळ त्रैराशिकी मीं तरी ऐकलेली नाहीं. हाच ग्रेग लष्करांतून निवृत्त झाल्यावर रोमन कॅथॉलिक पंथाचा धर्मगुरु झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस नवी वाटेल.

ग्रेगचा उपकार मान्य करून एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूना क्लबांत बाळूनें साहेबांना चेंडू टाकले ते हजारोंनीं मोजावे लागतील, परंतु त्याच्या हातीं बॅट मात्र कोणी दिली नाहीं. गोलंदाजी ही मेहनतीची चाकरी आणि फलंदाजी हा साहेबाचा मान, अशी ती वांटणी होती. रूळ ओढणारानें चेंडू टाकावा. रूळ ओढणारानें बॅट धरूं नये.

साहेबांनीं आंखलेली रेघ ही अशी. आपल्या लोकांनीं आंखलेली रेघ याहून जाड होती.

बाळूची कीर्ति शहरांत पसरली. पुण्याच्या हिंदु खेळाडूंस युरोपियन क्लबाला हरवावयाचें होतें, आणि त्यास उपाय त्याच क्लबाच्या मैदानावर रूळ ओढीत होता. त्यास संघांत घ्यावें कीं नाहीं, यावर हिंदु क्लबांत मोठा वाद झाला. कांहीं तेलुगू सभासद अनुकूल होते, ब्राह्मण सभासदांपैकीं कित्येक प्रतिकूल. अखेर तोड निघाली ती अशी: मैदानावर बाळूनें सर्वांबरोबर खेळावें, सर्वांनीं त्याच चेंडूला हात लावावा, परंतु चहाच्या वेळीं इतरांस मंडपांत कपबशी, आणि बाळूस बाहेर, मातीच्या बोळक्यांत. जेवणही निराळ्या पात्रांत, निराळ्या जागीं. एक गडी बाद झाला कीं ज्याच्या पाठीवर थाप पडे, त्यास अर्ध्या घटकेनें पाणी वरून ओतलें जाई.

हें वाचून आपण हिंदु समाजास नांवें ठेवूं लागूं, तर थोडें थांबावें. आम्हां ख्रिस्ती लोकांत प्रभुभोजनाचा प्याला एक आहे. तथापि सोयरीक जुळवितांना मूळची जात कोणती हें हळूच विचारणारीं घरें मला माहीत आहेत. बाळूचें बोळकें आमच्याही ओसरीवर पडलेलें आहे.

बाळूच्या बळावर हिंदूंनीं पुण्याच्या युरोपियनांस हरविलें. साताऱ्यास तर असें सांगतात कीं, तेथील गोऱ्यांच्या जिमखान्यानें बाळूची फिरकी बोथट करण्यासाठीं खेळपट्टीवर कित्येक दिवस सतत रूळ फिरवून घेतला. ज्यानें आयुष्याचीं कोंवळीं वर्षें रूळ ओढण्यांत घालविलीं त्याच्याविरुद्ध रुळाचें शस्त्र! कठीण पट्टीवर फिरकी कमी चावते, पण चेंडू भरभर येतो. बाळूनें सात गडी बाद केले. या विजयानंतर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं जाहीरपणें असा प्रश्न उपस्थित केला कीं, ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास अडचण कोणती? रानडे १९०१ सालीं निवर्तले. त्यांच्या प्रश्नास क्लबांनीं कूर्मगतीनें उत्तर दिलें, पण दिलें.

१८९६-९७ च्या प्लेगांत पुणें ओस पडूं लागलें, तेव्हां पालवणकर कुटुंबानें मुंबईची वाट धरली. ही वाट आपल्या गांवावरूनच जाते. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला होता, आणि त्या काळीं खंडाळ्याखालीं रिव्हर्सिंग स्टेशनावर गाडी उलट दिशेस वळवून घ्यावी लागे. त्यानंतर कित्येक वर्षें सामन्यांसाठीं हे बंधु याच घाटानें खालींवर गेले असतील. आपल्या फलाटावर चार भाऊ चेंडूच्या पिशव्या घेऊन उतरले असते, तर त्यांस कोणत्या घड्यांतून पाणी मिळालें असतें हा विचार माझ्या मनांत येतो.

मुंबईंत १८९४ सालीं स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यानें बाळूस खेळाडू म्हणून घेतलें. तेथेंही प्रथम कुरकुर झाली. परंतु हळूहळू पंगतींतील भेद मोडत गेला. पुढें बी. बी. सी. आय. रेल्वेंत नोकरी मिळाली. येथपर्यंत मीं त्यांस एकवचनी लिहिलें, कारण येथपर्यंत जगानें त्यांस तसेंच हांक मारिली. यापुढें तें योग्य होणार नाहीं.

१९०६ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदु आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनीं २४२ व १६० धांवा केल्या. युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. १०९ धांवांनीं जय मिळाला, आणि त्यांत बाळूंच्या डाव्या हाताचा फार मोठा वांटा होता. बंधु शिवरामही त्या संघांत होते. देशांत स्वदेशीची चळवळ जोरांत होती. मैदानावरील हा विजय लोकांस केवळ खेळाचा वाटला नाहीं.

१९११ सालीं हिंदी लोकांचा एक संघ इंग्लंडास गेला. त्यांत हिंदु, मुसलमान व पारशी असे सर्व होते. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. परंतु त्याच उन्हाळ्यांत पंचम जॉर्ज बादशहांचा राज्यारोहणसमारंभ असल्यामुळें महाराजांचें लक्ष दरबारी भेटीगांठींकडे अधिक होतें. संघानें २३ सामने खेळून १५ गमावले, सहा जिंकले, दोन अनिर्णित राहिले. असल्या पडत्या संघांत एकट्या बाळूंनीं सर्व दौरा मिळून ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत आठ गडी. लेस्टरशायरविरुद्ध दोन डावांत मिळून अकरा, आणि तो सामना हिंदी संघानें जिंकला. सॉमरसेटविरुद्धचा सामना शिवराम यांच्या शतकानें एका गड्यानें जिंकला गेला. तेव्हां बाळू पस्तिशींत आले होते, खांदा दुखत होता, आणि पायांखालीं पुण्याची कोरडी भुई नसून इंग्लंडची ओली हिरवळ होती. हात तोच, परंतु निराळ्या जमिनीवर तोच टप्पा मिळवावयाचा म्हणजे सोडण्याचा क्षण पुन्हां नव्यानें शोधावा लागतो. ज्यांनीं तो पाठ केलेला असतो ते अशा वेळीं फसतात. बाळूंनीं तो पाठ केलेला नव्हता.

परत आल्यावर मुंबईंतील अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला. त्या वेळीं एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकत असलेले भीमराव आंबेडकर यांस बाळूंचा मोठा अभिमान वाटे.

गोलंदाजींत हिंदुस्थानांत त्यांच्या तोडीचा दुसरा मनुष्य नव्हता. कर्णधारपद मात्र वर्षानुवर्षें दुसऱ्यांकडे गेलें. त्यांच्याहून लहान, त्यांच्याहून कमी अनुभवाचे, पण जातीनें वरचे. १९२० सालीं नेमलेले कर्णधार पै आजारी पडले, तेव्हां निवडसमितीनें विठ्ठल यांचा हक्क डावलून दुसऱ्याच गृहस्थांस त्या जागीं बसविलें. विठ्ठल आणि शिवराम या दोघां बंधूंनीं जाहीर पत्रक काढून संघांतून अंग काढून घेतलें. अपमान गिळून खेळणें सोपें होतें, आणि खेळले असते तर टाळ्याही मिळाल्या असत्या. पण चहाचें बोळकें त्यांनीं आपल्या वडील भावाच्या हातीं पाहिलेलें होतें. बोभाटा झाला, समेट घडला, बंधु परत आले, आणि १९२३ सालीं विठ्ठल हे हिंदूंचे कर्णधार झाले. त्या वर्षीं हिंदूंनीं युरोपियनांस हरविलें आणि लोकांनीं विठ्ठलांस खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेलें. बाळूंस स्वतःस तो मान लाभला नाहीं.

उत्तरायुष्यांत ते राजकारणांत पडले. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं झालेल्या पुणें करारावर सह्या करणारांत त्यांचें नांव आहे. १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळासाठीं काँग्रेसनें त्यांस उभें केलें तें, दैवगति अशी कीं, डॉ. आंबेडकरांच्याविरुद्ध. डॉक्टरांस १३,२४५ मतें पडलीं, बाळूंस ११,२२५. माझ्या मतें काँग्रेसनें या वृद्ध खेळाडूचा येथें उपयोग करून घेतला. दुसरें मत असूं शकेल, परंतु ज्या दोन पुरुषांनीं एकाच पाणवठ्याचा अपमान सोसला त्यांस समोरासमोर उभें केलेलें पाहणें मला रुचत नाहीं.

पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनीं १७९ गडी बाद केले. दर गड्यामागें धांवा पडल्या त्या अवघ्या १५.२१. त्यांच्या नांवावर शतक एकही नाहीं. पूना क्लबाच्या जाळींत ज्यांस कधीं बॅट मिळाली नाहीं त्यांच्याकडून त्याची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. ग्रेग त्यानंतर तीन वर्षांनीं, १९५८ सालीं, इंग्लंडांत वारले.